तीन नद्यांच्या काठची पानगळ

दोस्तांनो, अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? न्यूयॉर्कच्या उंचच उंच इमारती, डिस्नेलँड, फार तर नायगारा. तिकडे जाऊन आलेले काका-मामासुद्धा अल्बम उघडून दाखवतात ते याच जागांचे फोटो. आज मात्र मी तुम्हाला नेणार आहे पिट्सबर्गला. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात, डोंगरांच्या बेचक्यात वसलेलं हे शहर. आणि जायचं ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे सहामाही संपून दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागलेले असतात ना, अगदी तेव्हा. स्वेटर मात्र न विसरता घ्या. सकाळी तिथं बोलताना तोंडातून वाफ निघते.

कुठलंही शहर बघायचं तर आधी उंचावरून बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पिट्सबर्गमध्ये त्यासाठी माउंट वॉशिंग्टन नावाचा डोंगर आहे. वर जायला रस्ता आहे, पण आपण जायचं ते ड्युकेन इन्क्लाइनने. नाशिकजवळच्या सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीत तुमच्यापैकी काही जण बसले असतील. हा प्रकार तसाच, फक्त पुष्कळ जुना. डोंगराच्या तिरक्या अंगावर रूळ टाकलेत आणि त्यावर लाकडी डबे. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, रहाटाच्या दोन टोकांना दोन बादल्या बांधाव्यात तसं. त्यामुळे एकाचं वजन दुसऱ्याला ओढायला मदत करतं. साधारण आठशे फूट लांब आणि चारशे फूट उंच असा हा प्रवास १८७७ सालापासून चालू आहे. डबेही त्याच काळातले! १९६०च्या सुमारास ही गाडी बंद पडली होती. तेव्हा वरच्या वस्तीतल्या लोकांनी स्वतः पैसे जमवले, दुरुस्ती केली आणि १९६३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. जुनं काही बंद पडलं की हळहळणारे पुष्कळ असतात, पदराला खार लावून ते चालू करणारे थोडे.

वर पोचलात? आता कठड्याशी या आणि खाली बघा.

उजव्या हाताला दक्षिणेकडून येते ती मोनोंगाहेला नदी. समोरून, उत्तरेकडून येते ती ॲलेगेनी. दोघी एका टोकदार जमिनीपाशी भेटतात आणि पुढे त्यांची होते ओहायो. ही ओहायो नदी इथून जवळजवळ १,५८० किलोमीटर वाहत जाऊन मिसिसिपीला मिळते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. इथं मात्र दोन्ही नद्या बाणाच्या पात्यासारख्या कोनातून येतात आणि बाणाच्या टोकावर आहे एक प्रचंड कारंजं, दीडशे फूट उंच उडणारं. गंमत अशी, की या कारंज्याचं पाणी या तिन्ही नद्यांचं नाहीच! हिमयुगातल्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने आणलेले वाळू-गोट्यांचे थर इथं जमिनीखाली आहेत आणि त्यात पाणी भरलेलं आहे. तिथून ते वर खेचतात. गावचे लोक त्याला ‘चौथी नदी’ म्हणतात. प्रयागच्या गुप्त सरस्वतीची आठवण झाली की नाही?

या टोकासाठी फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांशी लढले होते. जो संगमावर बसेल त्याच्या हाती तिन्ही नद्यांचा रस्ता, हे उघड होतं. फ्रेंचांनी १७५४ मध्ये इथं किल्ला बांधला. १७५८च्या नोव्हेंबरात, इंग्रजांची फौज जवळ आल्यावर, त्यांनी तो आपल्याच हातांनी जाळला आणि निघून गेले. इंग्रज सेनापतीने विल्यम पिट या इंग्लंडच्या मंत्र्याचं नाव जागेला दिलं. तेच पिट्सबर्ग.

पण तुमचं लक्ष इतिहासाकडे नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही बघताय ती झाडं. डोंगरउतार नुसते पेटल्यासारखे दिसताहेत. मेपल लालभडक आणि नारिंगी, ओक तांबूस तपकिरी, हिकरी हळदीसारखी पिवळी. आपल्याकडेही पानगळ होते, पण ती शिशिरात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. पुढे पाण्याची टंचाई येणार म्हणून सागासारखी झाडं पानं टाकून देतात. तिथल्या झाडांना धास्ती असते बर्फाची. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हिरवं हरितद्रव्य मोडायला लागतं आणि त्यातली कामाची द्रव्यं झाड आत ओढून घेतं. पिवळा रंग पानात पहिल्यापासून होताच, हिरव्याखाली झाकलेला. तो आता उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी. तो झाड त्या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं! दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी, पण गोठवणारी नको, असं जमलं तर लाल रंग फार छान चढतो. मग देठाच्या बुडाशी एक पातळ पडदा तयार होतो, पान तुटतं आणि भिरभिरत खाली येतं. या ऋतूला अमेरिकन लोक ‘फॉल’ म्हणतात, म्हणजे चक्क ‘पडणं’!

आता मी सांगतो ते नीट ऐका. तुम्ही उभे आहात त्याच कठड्यावरून ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी यातलं काही एक दिसलं नसतं, असे कित्येक दिवस असत. ना पानं, ना नद्या, ना समोरचं शहर.

कारण होतं धूर. या डोंगराचं जुनं नाव होतं ‘कोल हिल’, कोळशाचा डोंगर. दगडी कोळसा असा पायाखाली, मालाची ने-आण करायला नद्या. मग काय, पोलादाचे कारखाने एकामागोमाग उभे राहिले. अँड्र्यू कार्नेगीने आपला पहिला मोठा पोलाद कारखाना १८७५ मध्ये मोनोंगाहेलाच्या काठी सुरू केला. अमेरिकेचे रेल्वेचे रूळ, पूल, उंच इमारतींचे सांगाडे यांतलं कितीतरी पोलाद या नद्यांच्या काठी तयार झालं. आणि धूर नुसता कारखान्यांचा नव्हता बरं का! घराघरांत कोळशाच्या शेगड्या, आगगाड्यांना कोळशाची इंजिनं, नदीत वाफेच्या बोटी. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावायची वेळ यायची. मोटारी दिवे लावून चालायच्या. ऑफिसात जाणारे लोक बरोबर दुसरा पांढरा शर्ट न्यायचे, कारण पहिल्याची कॉलर दुपारपर्यंत काळी झालेली असायची.

गावाला याचा त्रास होत नव्हता असं नाही. पण धूर म्हणजे काम, काम म्हणजे पगार, अशी समजूत पक्की होती. धुरांडं थंड म्हणजे चूलही थंड! तरीही १९४१ मध्ये शहराने धूर रोखणारा कायदा केला. पुढे महायुद्ध आलं आणि तो बाजूला पडला. युद्ध संपल्यावर डेव्हिड लॉरेन्स नावाचे महापौर निवडून आले, त्यांनी तो अमलात आणला. १९४६ मध्ये कारखान्यांना लागू झाला आणि १९४७ मध्ये घरांना. घरांना लागू करणं हे फार अवघड होतं. कमी धुराचा कोळसा महाग पडायचा आणि गरीब कुटुंबांनी तक्रार केली, ती अगदी रास्त होती. पण हळूहळू लोक नैसर्गिक वायूकडे वळले आणि आकाश दिसायला लागलं.

हा कायदा शहरापुरता होता. धुराला कुठे शहराची हद्द कळते?

मोनोंगाहेलाच्या काठाने वरच्या अंगाला तीस-चाळीस किलोमीटरवर डोनोरा नावाचं गाव आहे. नदीच्या वळणात, दोन्हीकडे डोंगर. तिथं पोलादाचा आणि जस्ताचा असे कारखाने होते. १९४८च्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. हेच दिवस, हीच पानगळ. शरदात रात्री लांबतात, जमीन लवकर गार होते आणि तिच्यालगतची हवाही गार, जड होऊन दरीत बसून राहते. तिच्यावर उबदार हवेचा थर येतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. एरवी उन्हं चढली की झाकण उघडतं. त्या आठवड्यात ते पाच दिवस उघडलंच नाही. कारखान्यांतून निघणारा विषारी वायू त्याखाली साठत गेला.

शुक्रवारी संध्याकाळी गावात हॅलोविनची मिरवणूक निघाली. सोंगं घेतलेली मुलं धुक्यातून भुतांसारखी दिसत होती, पण धुकं हे रोजचंच, म्हणून कुणी विशेष मनावर घेतलं नाही. शनिवारी शाळेच्या संघाचा फुटबॉलचा सामनासुद्धा झाला. बघणाऱ्यांना चेंडू धड दिसत नव्हता. तोवर म्हाताऱ्या आणि दम्याच्या माणसांना श्वास घेता येईना. अग्निशमन दलाचे लोक प्राणवायूच्या नळ्या घेऊन, भिंती चाचपत घरोघर फिरले. एका घरी थोडा प्राणवायू द्यायचा, की लगेच पुढच्या घरी पळायचं. रविवारी जस्ताचा कारखाना थांबवला आणि पाऊस आला, तेव्हा झाकण उघडलं. वीस माणसं गेली होती. चौदा हजारांच्या गावात हजारो आजारी पडले होते.

या घटनेनंतर हवा हा साऱ्या देशाचा प्रश्न झाला. १९५५ मध्ये अमेरिकेने हवेच्या प्रदूषणावरचा पहिला राष्ट्रीय कायदा केला. पुढे १९६३ आणि १९७० मध्ये आणखी कडक कायदे आले. आई-बाबांना विचारा, थंडीत मुंबई-दिल्लीची हवा बिघडल्याच्या बातम्या येतात तेव्हा हेच झाकण तिथंही बसलेलं असतं.

पिट्सबर्गचा धूर गेला तो मात्र दोन वेळा, असं मला वाटतं. एकदा लोकांनी ठरवून घालवला. दुसऱ्यांदा तो आपोआप गेला, आणि त्याचं कुणाला सुख झालं नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथले जुने कारखाने परदेशी आणि नव्या पद्धतीच्या पोलादापुढे टिकेनात. एकामागोमाग एक बंद पडले. होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. ज्यांचे आजोबा, वडील भट्टीवर होते त्यांनाही भट्टीवरच जायचं होतं, पण भट्टीच राहिली नाही. आकाश निळं आणि घरात पगार नाही! माणसं दुसऱ्या गावांना निघाली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती. २०२० मध्ये ती उरली ३,०२,९७१. अर्ध्याहून कमी.

त्या काळाची खूण बघायची तर कॅरी फर्नेसला जायचं. होमस्टेडच्या समोरच्या काठावर दोन झोतभट्ट्या अजून उभ्या आहेत, नव्वद फुटांहून उंच. १९७८ मध्ये त्या विझल्या. थंडी कडक होईपर्यंत तिथं माहितगार माणसं लोकांना हिंडवून सगळं दाखवतात. गंजलेले नळ, त्यातून वर आलेली झाडं, लाल लोखंडावर पडलेली पिवळी पानं. आत एक भलंमोठं हरणाचं डोकं आहे! कारखाना ओस पडलेला असताना काही कलाकारांनी गुपचूप येऊन तिथल्याच भंगार नळ्यांचं आणि तारांचं ते केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते.

आता जरा शहरात परत येऊ. ओकलंड भागात पिट्सबर्ग विद्यापीठाची बेचाळीस मजली इमारत आहे, ‘कॅथेड्रल ऑफ लर्निंग’. ती १९२६ मध्ये बांधायला घेतली आणि १९३७ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी सत्त्याण्णव हजार शाळकरी मुलांनी प्रत्येकी एक डाइम, म्हणजे दहा सेंट, दिले होते. नुसते दिले नाहीत, ते आपण कसे कमावले याचं पत्रही प्रत्येकाने लिहायचं होतं. त्याबद्दल मुलांना प्रमाणपत्र मिळालं. तुम्हाला तसं पत्र लिहायला सांगितलं तर काय लिहाल? इमारत फिकट रंगाच्या दगडाची, पण धुराने काजळून गेली होती. तिची पुटं अखेर २००७ मध्ये धुऊन काढली. आत निरनिराळ्या देशांच्या नमुन्याचे वर्ग आहेत. भारताचा वर्ग नालंदा विद्यापीठाच्या धर्तीवर, गुलाबी छटेच्या विटांचा आहे आणि तो २००० साली खुला झाला. बाकावर बसून बघा, शाळेत बसल्यासारखं मुळीच वाटत नाही!

याच विद्यापीठात जोनास साल्क यांनी पोलिओची लस तयार केली. १९५४ मध्ये त्यांनी ती शहरातल्या एका प्राथमिक शाळेतल्या १३७ मुलांना स्वतः टोचली. पुढच्या वर्षी ती यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे पाजतात ते थेंब दुसऱ्या शास्त्रज्ञाचे, पण शत्रू तोच.

भूक लागली असेल. इथल्या एका खास सँडविचमध्ये मांस, चीज आणि कोबीच्या कोशिंबिरीबरोबर तळलेल्या बटाट्याच्या फोडीही पावातच कोंबतात. पावात बटाटा घालायची अक्कल फक्त आपल्याला आहे, असं वडापाव खाणाऱ्यांनी समजू नये. भाषाही मजेदार. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला एकच शब्द, ही अडचण पिट्सबर्गच्या लोकांनी आपल्या परीने सोडवली. चार जणांशी बोलताना ते म्हणतात ‘यिन्झ’! खोली आवरायला ‘रेड अप’ म्हणतात. आईने सांगितल्यावर तिथली मुलं ती लगेच आवरतात का, ते मात्र विचारू नका.

रविवारी गावात जाल तर जो तो काळ्या-पिवळ्या कपड्यांत दिसेल. हे स्टीलर्स या फुटबॉल संघाचे रंग. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. संघ १९३३चा, आणि नाव पोलादावरून. कारखाने गेले, नाव राहिलं. त्यांचं मैदान संगमाच्या अगदी समोर आहे. कित्येक लोक सामन्याला बोटीने येतात.

महिनाअखेरीस हॅलोविन. घरांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे, आत दिवा. वेगवेगळ्या वस्त्यांच्या नगरपालिका वेळ जाहीर करतात आणि त्या ठरलेल्या वेळात मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात. पिट्सबर्ग चढ-उतारांचं गाव, रस्त्यांना जोडणारे सातशेहून जास्त सार्वजनिक जिने. ओल्या पानांवरून पाय घसरतो, तेव्हा पिशवी सांभाळायची की स्वतःला, असा प्रसंग येतो. पेन हिल्सच्या टेकडीवर १९७०च्या दशकात बांधलेलं श्री वेंकटेश्वराचं मंदिर आहे, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. दिवाळीही याच सुमारास येते. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने दिवाळीला अधिकृत मान्यता दिली, आणि त्या वर्षी तिथं दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. मुलांची केवढी चंगळ झाली असेल!

आता शेवटी नदीकाठी. शहरात चारशेच्या वर पूल आहेत. ॲलेगेनीवर तीन पिवळे पूल ओळीने, सख्ख्या बहिणींसारखे दिसणारे. त्यातल्या एकाला २००६ मध्ये रेचल कार्सन यांचं नाव दिलं. रेचलचा जन्म १९०७ मध्ये याच नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावी झाला. अकरा वर्षांची असताना तिने लिहिलेली गोष्ट मुलांच्या एका मासिकात छापून आली होती, तुम्ही वाचताय तशाच. पुढे १९६२ मध्ये तिने कीटकनाशकांच्या घातक परिणामांवर ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिलं आणि मोठमोठ्या रसायन कंपन्या खवळल्या. पण ती हटली नाही.

तिच्या पुलावरून पाणी बघा. एके काळी मासे जगणं मुश्कील होतं त्या नद्यांत २००५ मध्ये मासेमारीची राष्ट्रीय स्पर्धा झाली. सगळं छान झालंय, असं मात्र समजू नका. जुन्या गटारांत पावसाचं आणि सांडपाणी एकत्र वाहतं. जोराचा पाऊस झाला की ते ओसंडून थेट नदीत येतं. उन्हाळ्याच्या मोसमात तसं झालं की नदीकाठी नारिंगी झेंडे लावतात. अर्थ असा, की पाण्यात उतरू नका. आणि मोनोंगाहेलाच्या काठी क्लेअरटनला कोळशापासून कोक करणारा मोठा कारखाना आहे. शरदातल्या बिनवाऱ्याच्या सकाळी खोऱ्यात अजूनही सडक्या अंड्यासारखा वास दाटतो, झाकण बसलेलं असतं ना! २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथं स्फोट होऊन दोन कामगार मेले. कारखाना बंद करा, असं म्हणणारे तिथं आहेत आणि आमचं पोट त्यावर आहे, असं म्हणणारेही. दोघांची मुलं एकाच शाळेत जातात.

वेळ असेल तर भाड्याची सायकल घ्या आणि मोनोंगाहेलाच्या काठाने निघा. जुन्या रेल्वेमार्गांवरून केलेली ही वाट थेट मेरीलँड राज्यापर्यंत जाते, दोनशे चाळीस किलोमीटर. आपण फार नको, हेजपर्यंतच जाऊ. तिथल्या डोंगरउतारावर २०१३ मध्ये पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या जोडीने घरटं केलं आणि पिल्लू वाढवलं. शहराच्या हद्दीत दीडशेहून जास्त वर्षांत हे घडलं नव्हतं. थांबा जरा, दुर्बीण काढा. पानं गळाली की घरटं चांगलं दिसतं. खालून एक बोट चाललीय, सपाट बार्जेस पुढे ढकलत, त्यांत काठोकाठ कोळसा. क्लेअरटनकडे निघालीय. तिच्या लाटांवर लाल पानं वर-खाली होताहेत, आणि गरुड कोरड्या फांदीवर बसून बघतोय.